शुक्रवार दुपारच्या एकोणीस नोंदी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मी हसू दाबणाऱ्यांपैकी आहे. जन्म-मृत्यू विभागात अख्खी नोकरी काढली मी. माणूस आला की एक कागद, गेला की एक कागद, मधलं काही आमच्याकडे येत नाही... आणि गेलेला माणूस दाखला न्यायला परत आलाय असंही कधी झालेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा लाज वाटतेय. पण लिहिते.

पनवेलमध्ये पालिकेच्या एका कार्यालयात पहिल्या मजल्यावर आमचा विभाग आहे. यंदा आमची जुनी कॉम्प्युटर प्रणाली बंद करून नवी आणायचं ठरलं. जुनी म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊस नाही, सगळं बोटांना पाठ. लोक तिला नावं ठेवायचे, पण मला ती आवडायची. नव्या प्रणालीत सगळं रंगीत, आणि एक रकाना रिकामा सोडला की ती पुढे सरकत नाही — हट्टी सुनेसारखी.

खरी पंचाईत नावाच्या रकान्याची होती. आपल्याकडे बाळ जन्मलं की दवाखाना लगेच कळवतो, पण नाव ठरतं बाराव्या दिवशी. मग आईबापांनी येऊन ते नोंदवायचं, आणि तिथेच सगळे विसरतात. खिडकीवर किती जणांना मी ताडताड बोललेय — बारशाला गावजेवण घालता, मग इथवर यायला काय होतं? तर अशा बिननावाच्या नोंदी नवी प्रणाली घेणार नव्हती. त्या 'अपूर्ण' यादीत टाकायच्या, एकदा ताडून पाहायच्या आणि सोमवारी जुनं यंत्र कायमचं बंद करायचं, त्यानंतर त्यांत नाव घालता येणार नाही, असा साहेबांचा आदेश होता.

ती यादी छापून हातात आली त्या दिवशी चहा पिता पिता चाळत होते. जुन्या रजिस्टरातून चढवलेली साठच्या दशकातली एक नोंद. मुलगी. वडील दामोदर, आई अनुसया, राहणार जासई. नाव — रिकामं.

दामोदर आणि अनुसया म्हणजे माझे आईवडील. आणि साल माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं.

मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आईचं माहेर पनवेलचं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद इथे. मी जन्मले जासईला, त्यामुळे इथल्या रजिस्टरात स्वतःचं काही शोधायचं कारणच नव्हतं. मामाला फोन लावला.

"व्हती एक पोर," तो म्हणाला. "आठ दिस जगली. बारसा बी नाय झाला, मग नाव कुठला? तू आता इचारू नको अनुसयेला."

आई माझ्याकडेच असते, कामोठ्याला. दोन वर्षांपासून तिला सगळ्याचा विसर पडत चाललाय. मला कधी जाऊबाई समजते, कधी नर्स. पण रोज दिवेलागणीला एक प्रश्न मात्र न चुकता —

"तिचा नाव लिवलास का गो?"

मला वाटायचं, भ्रम. पोळ्या लाटता लाटता मी ओरडून सांगायचे, "लिवलं गो, लिवलं!" म्हणजे ती शांत बसायची. त्या संध्याकाळी मला ते सांगता येईना. दोन वर्षं मी तिच्याशी खोटं बोलत होते, आणि सोमवारनंतर ते कायमचं खोटं होणार होतं. जवळ बसून विचारलं, "आई, काय नाव लिहायचं?" ती कूस बदलून निजली. दुसऱ्या दिवशीही तेच.

आता शुक्रवार.

ताडून पाहायला आम्ही दोघं होतो. मी, आणि कंपनीचा इंजिनिअर तबरेज, तळोज्याचा, दोन मुलांचा बाप, शांत माणूस. तो जुन्या यंत्रावरची नोंद मोठ्याने वाचायचा, मी नव्या पडद्यावर बघायचे. जुळलं की त्याने त्याच्या लॅपटॉपवर टिक करायची, मी माझ्या कॉम्प्युटरवर. दोन्ही टिका पडल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. एकट्याने करताच येत नाही ते काम.

पाऊणला तबरेज लॅपटॉप बंद करून नमाजला गेला. मी डबा खाल्ला. विभागात कुणी नव्हतं. पंखा गरगरत होता, खिडकीच्या पडद्यातून पिवळट ऊन येत होतं, हवा खारट, कोंदट. न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची घरघर लांबून येत होती, तीही पेंगुळल्यासारखी. मी पडद्यासमोर बसले होते. झोपले नव्हते... निदान मला तसं वाटतं.

आणि वाचन सुरू झालं.

बाईचा आवाज होता. तरुण, जरा दमलेला, आमच्याकडचा, 'नाही'चं 'नाय' करणारा. "मुलगा. नाव नाय. मुलगी. नाव नाय." एका लयीत, पाळणा हलवल्यासारखं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मला आज सगळ्यात विचित्र वाटतं. वाचणारा वाचतोय, आपण टिक करायची, इतकंच. खूप बरं वाटत होतं. मिठागरावर बाबांसाठी भाकरी घेऊन जायचे तेव्हा बांधावर पायाला लागायची तसली ऊब पायांखाली लागत होती. आवाज म्हणाला, "मुलगी. वडील दामोदर. आई अनुसया." जरासा थांबला. मग म्हणाला, "मथुरा."

मी टाइप केलं. म — थु — रा.

"मॅडम?" समोर तबरेज उभा होता. त्याने लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला, आणि चेहरा बदलला त्याचा. "मॅडम, हे कुणी केलं?"

त्या अर्ध्या तासात एकोणीस नोंदी पुढे सरकल्या होत्या. माझ्या टिका होत्याच. पण त्याच्याही होत्या — त्याच्या बंद लॅपटॉपवरून, तो मशिदीत असताना. अठरा नोंदींत नाव रिकामं, एकीत मथुरा. "कसम से, पासवर्ड माझ्या बायकोलाही माहीत नाही," तो म्हणाला.

मी नियमाची बाई आहे. आईबापांच्या अर्जाशिवाय कुणाचं नाव घालणं म्हणजे गुन्हा, आणि ते तर माझ्या लॉगिनने पडलेलं. पुसून टाकायला हात उचलला, पण झालं नाही माझ्याच्याने. सोमवारपर्यंत राहू दे म्हटलं.

संध्याकाळी घरी गेले. आईला सांभाळणाऱ्या नंदाताईंना विचारलं, दुपारी काय केलं आईनं? जेवून झोपल्या त्या चारलाच उठल्या, म्हणाल्या. दिवेलागण झाली. मी मुद्दाम काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं, "आई, तिचं नाव काय लिहू?"

आई वैतागली. "किती येला सांगू गो तुला? दुपारी नाय का सांगितला? मथुरा."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

सोमवारी आईच्या अंगठ्यासह रीतसर अर्ज ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला, जन्माची तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "आई हयात आहे ना? मग आईचा अर्ज आहे, घ्या," म्हणाले आणि सही केली. दुपारी जुनं यंत्र बंद झालं.

तबरेजनं कंपनीत विचारून पाहिलं. सर्व्हरचा घोळ असेल, म्हणाले. असेल. नावही मी कधीतरी लहानपणी ऐकलं असेल, म्हणा. पण मामालाही जे माहीत नव्हतं ते मी कुणाकडून ऐकलं? आणि माझ्या आईला अक्षरओळख नाही, तर वाचत कोण होतं? तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा, पण मला ते हवंच आहे असंही नाही.

दाखला घरी आणला. आईजवळ बसून खिडकीवर वाचतात तसा खणखणीत वाचला — "नाव, मथुरा! लिंग, स्त्री! वडिलांचं नाव..."

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हलू बोल गो," ती म्हणाली. "आताच निजलीय ती."

पुढचं मी कुजबुजत वाचलं.