दोन खुर्च्यांचं दुकान

थोरल्याला सगळा बाजार रेडिओ म्हणायचा, आणि त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधता बांधता तो त्याच्या घरची ख्यालीखुशाली काढून घ्यायचा, आणि कात्री कानामागे पोचेपर्यंत त्याला सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांवर उपाय सांगून मोकळा व्हायचा. धाकटा शेजारच्या खुर्चीपाशी मुकाट्याने काम करायचा. देवाने या दोघा भावांत मिळून एकच तोंड दिलंय, असं थोरल्याची बायको म्हणायची.

दुकान वडिलांचं. दोन खुर्च्या, आणि त्यांच्यासमोर भिंतभर एकच लांबलचक आरसा. या धंद्याची एक गंमत असते: लोकांच्या डोक्यांवर आयुष्य काढलेला माणूसही स्वतःच्या मानेपाशी हतबल असतो. म्हणून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून हे दोघे भाऊ एकमेकांचे केस कापायचे. आधी थोरला बसायचा, मग धाकटा. धाकट्याच्या डोक्यावर मागे दोन भोवरे होते आणि तिथले केस कसेही कापले तरी उभे राहायचे. ते बसवणं फक्त थोरल्याला जमायचं. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं तो दर वेळी म्हणायचा. एक तर झालं, आता दुसऱ्याचं कधी कळवतोस? धाकट्याच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी हा विनोद काही म्हातारा झाला नव्हता, आणि धाकटाही दर वेळी हसायचा.

मग रेडिओ बंद पडायला लागला.

एकदम नाही. आधी नुसता आवाज कमी झाला. गिऱ्हाईक बोलत राहायचं आणि हा 'हं' करायचा. शाळेतले चित्रकलेचे मास्तर एकदा गमतीत म्हणाले, आज पुढून जरा जास्तच उडवलेस, तर थोरल्याने त्यांच्या गळ्यातलं कापड ओढून काढलं आणि दुसरं दुकान बघा म्हणून सांगितलं. मास्तर अर्ध्या डोक्याने उठले. उरलेलं अर्धं धाकट्याने कापलं, माफी मागत मागत. घरी वहिनींचा अनुभव वेगळाच होता. जो माणूस नातीला कडेवरून खाली उतरू देत नसे, तो ती आली की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागला. विचारलं तर, कटकट नको, एवढंच उत्तर.

बरं, विसरत होता म्हणावं तर तसंही नाही. कुणाचे कल्ले किती ठेवायचे, कुणाच्या वडिलांना कुठल्या बाजूने भांग आवडायचा, सगळं तोंडपाठ. त्यामुळे आजाराची शंका कुणाच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. स्वभाव बिघडलाय, वयाने बिघडतोच, असं सगळ्यांनी म्हटलं. धाकट्यानेही तेच म्हटलं आणि वर पदरचं एक कारण जोडलं. त्याने नुकतंच नवीन मशीन आणलं होतं, आणि कॉलेजची पोरं त्याच्याच खुर्चीसाठी थांबायची. दादाच्या पोटात दुखतंय, दुसरं काय.

वडिलांची कात्री थोरल्याकडे असायची. एकदा धाकट्याने ती आपल्या कात्र्यांबरोबर धार लावायला नेली, नेहमी न्यायचा तशीच, आणि संध्याकाळी आणून जागेवर ठेवली. थोरल्याने ती बोटांत अडकवली, हवेत चालवून बघितली आणि खाली ठेवली.

"ही माझी नाही. तू बदललीस."

धाकट्याला वाटलं, थट्टा चाललीय. जरा बरंही वाटलं, की दादा निदान थट्टा तरी करतोय. त्याने कात्रीवरचा जुना ओरखडा दाखवला. लहानपणी दोघांनी मिळून याच कात्रीने पत्रा कापायचा उद्योग केला होता आणि वडिलांचा मार खाल्ला होता, तो ओरखडा. थोरल्याने तिकडे बघितलंही नाही.

"चोर आहेस तू," तो भरल्या दुकानात म्हणाला. "बाबा होते तेव्हापासून."

धाकट्याने उलट उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. कमी बोलणाऱ्या माणसांचं हेच वाईट असतं, ती भांडण तोंडाने करत नाहीत, हाताने करतात. पुढच्याच आठवड्यात त्याने सुताराला बोलावून दोन खुर्च्यांच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं. एका आरशाचे दोन आरसे झाले. सुतार ठोकाठोक करत होता तेव्हा थोरला नुसता बघत उभा होता. त्याने अडवावं, चार शिव्या द्याव्यात, अशी धाकट्याची फार इच्छा होती. त्याने काहीच केलं नाही, आणि धाकट्याला तीसुद्धा मग्रुरीच वाटली.

केस मात्र वाढतच राहतात, त्यांना भांडण कळत नाही. शेवटी धाकटा पलीकडच्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसला. तिथला कारागीर दोन भोवऱ्यांवरून सरळ मशीन फिरवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना थोरला मागे येऊन उभा राहिला. त्याची नजर आपल्या मानेवर आहे, हे धाकट्याला मागे न वळताही कळलं. दुसऱ्या कुणाला त्या केसांत काही खटकलं नसतं, पण थोरल्याला परका हात लांबूनच दिसणार होता. खरं सांगायचं तर तो दिसावा म्हणूनच धाकटा तिकडे गेला होता. थोरला आत शिरला. आपल्या खुर्चीत जाऊन बसला, आणि त्या दिवशी त्याने एकही गिऱ्हाईक घेतलं नाही.

स्वतः त्याने कुणालाच डोकं दिलं नाही. केस कानांवर आले, मग कॉलरवर आले. रेडिओ आता कवी झाला, अशी बाजारात चेष्टा सुरू झाली. धाकटा ती ऐकायचा आणि मशीन चालू करायचा.

एका दुपारी वहिनी आल्या. पार्टिशनच्या अलीकडे उभ्या राहून हळू आवाजात सांगू लागल्या. घरात एकटं राहायला घाबरतात. मी कोपऱ्यापर्यंत गेले तरी दारात उभे असतात. मध्येच डोळ्यांत पाणी येतं, आणि का ते त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही.

"भाऊजी, ते असे नव्हते हो. तुम्ही एकदा त्यांचे केस तरी कापून द्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

धाकटा वस्तऱ्याचं पातं बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याला तोंड आहे ना, वहिनी? त्याला येऊन सांगू दे."

पार्टिशनच्या पलीकडे थोरला बसलेला होता. प्लायवूडमधून सगळं ऐकू जातं. वहिनींनी पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या. हे एक वाक्य परत घेता आलं तर धाकटा आज त्याच्या बदल्यात काय वाटेल ते द्यायला तयार होईल.

पुढे एके सकाळी थोरल्याने गिऱ्हाइकाच्या गालांना फेस लावला आणि त्यानंतर काय करायचं तेच त्याला सुचेना. तो ब्रश फिरवत राहिला. फेस वाळला, त्याने परत पाणी घेतलं, परत फिरवत राहिला. गिऱ्हाइकाने शेवटी घाबरून धाकट्याला हाक मारली. वहिनी आणि धाकटा त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तपासण्या झाल्या आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी अल्झायमर म्हणून सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, विसरायला लागून थोडेच महिने झालेत. बाईंनी विचारलं, त्याच्या आधी? चिडणं, संशय घेणं, घाबरणं, माणसांतून मन उडणं, असं काही? कधी कधी हा आजार आधी स्वभावात शिरतो आणि आठवणींकडे नंतर वळतो, असं त्यांनी समजावलं. प्रत्येक चिडका माणूस काही आजारी नसतो, पण उतारवयात स्वभाव असा पालटला तर दाखवायला हवं. घरच्यांना मात्र तो आजार वाटतच नाही, भांडण वाटतं.

"त्याने माझ्यावर कात्री बदलल्याचा आळ घेतला होता," धाकटा म्हणाला. "तेही यातलंच?"

"बहुतेक. केव्हाची गोष्ट?"

धाकट्याने मनाशी हिशेब केला. तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं तो एका आजारावर रुसून बसला होता. तेव्हाच आणलं असतं तर दादा बरा झाला असता का, एवढं त्याने कसंबसं विचारलं.

"बरे झाले नसते," बाई म्हणाल्या. "पण इतके एकटे पडले नसते."

पार्टिशन त्याने त्याच आठवड्यात उखडून काढलं. पण कात्री घेऊन दादासमोर उभं राहायचं धैर्य होईना. आधी क्षमा मागायची आणि मग केस कापायचे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि जन्मभर न बोललेल्या माणसाला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार? आज, उद्या करत सगळा हिवाळा सरला. तोवर थोरला घरच्या माणसांना कधी ओळखायचा, कधी नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी वहिनीच त्याला दुकानात घेऊन आल्या. धाकट्याने शटर अर्धं ओढलं. थोरला न सांगता आपल्या खुर्चीत बसला. धाकट्याने कापड बांधलं, खांद्यावर आलेल्या पांढऱ्या केसांवर पाणी मारलं आणि वडिलांची कात्री उचलली. कापडाखालून थोरल्याचा हात बाहेर आला आणि त्याने धाकट्याचं मनगट धरलं.

"तुम्ही नका कापू," तो अगदी अदबीने म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. माझे केस माझा भाऊ कापतो."

भाऊ कुठे असतो, असं धाकट्याने विचारलं.

"रुसलाय तो. मीच काहीतरी बोललो असणार, माझं तोंड वाईट. पण येईल. म्हणून तर केस राखून ठेवलेत."

मीच तो, एवढे दोन शब्द होते. तेही फुटेनात. धाकट्याने खुर्चीसमोर गुडघे टेकले आणि मान खाली घातली. थोरल्याची बोटं सवयीने त्याच्या केसांत शिरली, मागे सरकली आणि दोन भोवऱ्यांपाशी येऊन थांबली. तिथे ती बराच वेळ फिरत राहिली. दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"अरे वा, तुम्हालाही दोन?" थोरला खूश होऊन म्हणाला. "माझ्या भावालाही दोनच आहेत."

धाकटा उठला. त्याने कात्री पुसून जागेवर ठेवली, दादाच्या खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि शेजारच्या खुर्चीत बसला. आरसा आता पुन्हा एक झाला होता, मधोमध गोंदाचा एक उभा डाग तेवढा राहिला होता.

"मग थांबू या त्याच्यासाठी," तो म्हणाला.

थोरल्याने मान डोलावली, आणि आरशात दिसणाऱ्या दाराकडे बघत दोघेही धाकट्याची वाट बघत बसले.