सतरा नंबरची चिठ्ठी

आमच्या लॅबमधल्या चाळीस संगणकांपैकी एकावर जरी कुणी परस्पर काही इन्स्टॉल केलं, तरी सामायिककाकांना ते जागेवरून न उठता कळायचं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ते लिनक्सची यंत्रं सांभाळत. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण दिवसातून दहादा त्यांच्या तोंडी तोच शब्द असे.

त्यांची रीत साधी होती. प्रत्येक सॉफ्टवेअर एकदाच, सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि सगळ्या यंत्रांनी नेटवर्कवरून ते तिथूनच उचलायचं. "एका घरात चाळीस चुली कशाला?" म्हणायचे. "एका जागी बदललं की सगळीकडे बदललं. दारोदार हिंडायला मी पोस्टमन नाही."

एखाद्या यंत्रावर वेगळं काही हवंच असेल, तर त्या यंत्राला पिवळी चिठ्ठी लागायची: कुणी, काय, कशासाठी, कधी काढणार. काम संपलं की ते काढून चिठ्ठी काकांच्या हातात द्यायची. ते चष्मा कपाळावर ढकलून ती वाचत आणि मग स्वतः फाडत. कुणी नुसती टेबलावर ठेवून गेलं तर ती परत यायची. "टेबलाला वाचता येत नाही," असा निरोप सोबत.

मी यवतमाळहून पीएचडीला आलेली. भूजलाचं माझं तीन वर्षांचं गणित ज्या सॉफ्टवेअरवर उभं होतं, त्याचीच नवी आवृत्ती काका सामायिक फोल्डरमध्ये घालणार होते. तिच्यात माझी उत्तरं बदलत होती. प्रबंध द्यायला दोन महिने उरलेले. मी अक्षरशः हातापाया पडले.

"अहो संशोधक, बाकीच्यांना नवीन हवंय. आपल्या एकटीसाठी सगळे खोळंबणार नाहीत."

हॉस्टेलवर जाऊन मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. सोमवारी आले, तर सतरा नंबरच्या यंत्रावर पिवळी चिठ्ठी. अक्षर काकांचं, नाव माझं. जुनी आवृत्ती त्यांनी त्या एका यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली होती. ते यंत्र आधी घरातलं शोधेल, मग सामायिक, अशी सोय केली होती. 'कधी काढणार' यापुढे लिहिलं होतं, 'प्रबंध झाल्यावर, स्वतः'.

"बसा तिथे," काका म्हणाले. "आणि गावभर सांगू नका. माझी अब्रू जाईल."

प्रबंध झाला. त्याच लॅबमध्ये काकांच्या हाताखाली नोकरीही लागली. जुनी आवृत्ती काढायचं तेवढं राहिलं. काम दोन मिनिटांचं. का काढली नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी पासवर्डचा लिफाफा माझ्याकडे देताना ते एवढंच म्हणाले, "सगळं झालं. सतरा नंबर राहिला."

"उद्या काढते, काका. चिठ्ठी घरी आणून देते."

"चिठ्ठीशिवाय आलात तर चहा मिळणार नाही."

त्याला दीड वर्ष झालं. त्यांचं घर नारायण पेठेत, लॅबपासून वीस मिनिटांवर. मी गेले नाही. रिकाम्या हातानं जायची लाज वाटायची, आणि चिठ्ठी काही निघत नव्हती.

मागच्या मंगळवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका सकाळी गेले. मी दर्शन घेऊन आले. रडू आलं नाही. लॅबमध्ये येऊन डबा खाल्ला, भाजी कसली होती ते आठवत नाही. मग सतरा नंबरवर बसले आणि जुनी आवृत्ती काढून टाकली. सॉफ्टवेअर पुन्हा उघडून पाहिलं. घरात काही सापडलं नाही, तेव्हा यंत्रानं निमूटपणे सामायिक उचललं.

आता लॅबच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. मी वाचते, फाडते. ही मी नखानं सोडवून काढली. डिंक वाळला होता, शाई उडाली होती, 'स्वतः' तेवढं वाचता येत होतं. नियमाप्रमाणे ती त्यांच्या हातात द्यायची होती. मी ती धरून तशीच उभी राहिले.

"मॅडम, सतरा नंबर मोकळा आहे का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.