बेटवाल्या काकांचं झाड

नव्या माणसाची ओळख झाली की बेटवाले काका नाव-गावाच्या आधी विचारत, "दारात झाड कुठलं?" शारजात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न. समोरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, गृहस्थाने एकदा गंभीरपणे उत्तर दिलं होतं, "हबीबी, एसी."

काका मूळचे गुहागरकडचे, एका वर्कशॉपमध्ये फोरमन, आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. वीस वर्षं ज्या फ्लॅटमध्ये काढली त्याला त्यांनी कधी घर म्हटलं नाही, 'मुक्काम' म्हणत. नव्वदच्या दशकात आम्हा परक्यांना इथे जागा विकत घेता येत नसे, आणि गावच्या जमिनीला सोळा वाटेकरी. म्हणून दुबईच्या एका हॉटेलातल्या प्रदर्शनात कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचे प्लॉट दिसले, तेव्हा काकांनी एजंटाला एकच विचारलं, "तिथे माझा कुणी चुलतभाऊ नाही ना?" तो नाही म्हणाला. निम्मा सौदा तिथेच झाला. 'बेटवाले' हे नावही त्याच दिवशी पडलं.

उरलेला निम्मा सौदा माझ्यावर होता. काकांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि रजा मागितली की मॅनेजर म्हणायचा, इन्शाल्ला. "याचं इन्शाल्ला म्हणजे खलास," काका म्हणाले आणि त्यांनी माझं तिकीट काढलं. "तू बघून ये रे. तू बघितलंस म्हणजे मीच बघितलं. तू नको म्हणालास तर मी सही करणार नाही."

मी गेलो. आणि प्लॉट बघितलाच नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. आजारी नव्हतो, पाऊस नव्हता, रस्ताही बंद नव्हता. हॉटेलच्या वाटेवर एक मैदान होतं, तिथे गावागावांच्या क्रिकेटच्या मॅचेस चालल्या होत्या आणि पाहुणा म्हणून त्यांनी मला अंपायर केलं. आयुष्यात मला कोणी अकरावा गडी म्हणूनही घेतलं नव्हतं. एजंटाचा ड्रायव्हर रोज यायचा, मी रोज त्याला 'उद्या' म्हणायचो. पाचव्या दिवशी माझं परतीचं विमान होतं.

काका विमानतळावर घ्यायला आले होते. "कसं आहे?"

"छान आहे, काका."

"झाड?"

हॉटेलच्या अंगणात एक नीरफणस होता. "नीरफणस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काकांनी सही केली.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे जेवण झालं की काका पाय पसरून म्हणत, "हं, सांग." मी सांगत असे. झाडाला फांद्या फुटत गेल्या, खाली बकरी बांधली गेली, बाजूला विहीर आली.

"मागच्या शुक्रवारी विहीर उजवीकडे होती."

"आज मी समुद्राकडे पाठ करून सांगतोय."

"अगं, ऐकलंस का, दोन्हीकडून विहीर!" काकू माझ्याकडे जरा बघत आणि ताटात आणखी भात वाढत.

काकांची साठी आली, व्हिसा संपला, आणि दोघं निघाली ती थेट बेटाकडे. विमानतळावर सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "पोचलात की फोन करा."

फोनऐवजी फोटो आला. उघडाबोडका, खडकाळ उतार. त्यावर टोपी घातलेले काका आणि त्यांच्या गुडघ्याएवढं रोप. मागे लिहिलं होतं, "झाड नव्हतं. लावलं. विहीर कुठूनच दिसत नाही. आमचा इथला शेजारी तुझी फार आठवण काढतो; म्हणतो, तू त्याला चुकीचा आउट दिलास."

मी माफी मागायला फोन केला. "आज शुक्रवार ना?" काका म्हणाले. "मग आता मी सांगतो, तू ऐक."

पुढची काही वर्षं मी ऐकत होतो. नवं पान, पहिली फांदी, मग खरीच बकरी, तिने खाल्लेला शेंडा. माझी माफी दर वेळी पुढच्या शुक्रवारवर ढकलली गेली.

एका शुक्रवारी फोन काकूंनी उचलला. काकांना जाऊन चार दिवस झाले होते. मग त्या म्हणाल्या, "काल झाडाला पहिला नीरफणस दिसला रे. त्यांनी नाही बघितला. तू ये. तू बघितलंस म्हणजे त्यांनीच बघितलं."

तिकीट काढलंय. ते मैदान अजून वाटेतच लागतं म्हणे. ड्रायव्हरला आधीच सांगणार आहे, तिथे गाडी थांबवायची नाही.