फाटकाबाहेरची फायनल

आमचे मामा बसलेले असे मला आठवतच नाहीत. दौंडच्या त्यांच्या घरात चार खुर्च्या होत्या आणि चारही पाहुण्यांसाठी. मामा चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. मामी म्हणायच्या, "ह्यांचा निम्मा चहा माझ्या फरशीनं प्यायलाय." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं असे, "बसलं की गंज चढतो. रेल्वेत बघितलंय मी." शिरूरला आमच्याकडे यायला निघाले की एसटीने न्हावरा सोडला न सोडला तोच ते उठून दाराशी येत. कंडक्टर म्हणे, "आबा, शिरूर लांब हाय अजून." मामा म्हणत, "असू द्या. मी तयार हाय."

तरुणपणी मामा रेल्वेच्या संघातून फुटबॉल खेळले होते. गुडघा गेल्यावर खेळ सुटला, मैदान सुटलं नाही. रविवारी सामना असला की ते रेषेच्या कडेने, चेंडू जाईल तिकडे, चालत राहायचे. खेळाडूंइतके तेही घामेजायचे. मात्र बरोबरी होऊन पेनल्टीची वेळ आली की मामा मैदानातून बाहेर जाऊन चिंचेखाली, खेळाकडे पाठ करून उभे राहत. दौंडची माणसं ओरडली की गोल झाला, गप्प राहिली की हुकला. निकाल असा कानांनी घ्यायचा, हा त्यांचा नेम. लोक चिडवत, "मामा, तिकीट लावलं असतं तर निम्मं पैसं परत मागितलं असतं तुम्ही!"

त्यांचा एकच हट्ट होता. अर्जेंटिनाचा संघ वर्ल्डकप उचलताना समोर बघायचा. टीव्हीवर त्यांनी सगळं पाहिलं होतं. "पर टीव्हीला वास न्हाई, मास्तर," असं ते मला म्हणायचे. मी शिरूरला शाळेत शिकवतो, म्हणून सख्खा भाचा असूनही मी त्यांचा मास्तर. त्यांचा मुलगा सागर दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. वर्ल्डकप नेमका तिथेच आला, आणि सागरने कुठून कुठून खटपट करून फायनलची दोन तिकिटं मिळवली. त्या दिवशी त्याला स्वतःला ड्युटी होती. मामांच्या हृदयात आदल्याच वर्षी स्टेंट बसवलेला. त्यांना एकटं कसं सोडायचं? मामींनी मला बोलावून घेतलं. "पुस्तकं वाचून वाचून तू एवढा थंड झालायस, त्याचा काहीतरी उपयोग कर," त्या म्हणाल्या. "जा ह्यांच्याबरोबर. कप दाखव, आन् जिता माणूस परत आण."

दोह्यात आम्ही सागरच्या खोलीवर उतरलो. तिथे केरळची आणि नेपाळची मुलं राहत. मामा पहाटे उठून बाहेरच्या अरुंद बोळातून फेऱ्या मारायचे, त्यांच्या चपलांनी सगळे जागे व्हायचे. पहिल्या दिवशी मुलं वैतागली. नंतर एकजण दार उघडून त्यांच्या हातात चहाच देऊ लागला, म्हणजे निदान तेवढा वेळ चपला हळू वाजतील.

फायनलच्या दिवशी मेट्रोत निळ्या-पांढऱ्या सदऱ्यांची माणसं गात होती आणि जागच्या जागी उड्या मारत होती. डबा हलत होता. मी दांडी धरून कोपऱ्यात उभा. पाहतो तर मामाही उड्या मारताहेत.

"मामा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरनी जिना चढू नका सांगितलंय. हितं जिना हाय का? मार की उडी, मास्तर! कोण वळखतंय आपल्याला?"

मी एक उडी मारली. ती कुणाच्या लक्षातही आली नसेल. मामा मात्र खूश झाले.

सामना तुम्ही पाहिलाच असेल. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती आणि मी मनात मामींना कळवूनही टाकलं होतं की सगळं नीट पार पडलं. मग शेवटी शेवटी समोरच्यांनी दोन्ही गोल फेडले. जादा वेळेत पुन्हा आपला एक, पुन्हा त्यांचा एक. मामांचा हात मी धरून ठेवला होता. तो ओला झाला होता आणि त्यातली नाडी मला माझ्या बोटांत लागत होती. पेनल्टी जाहीर झाली तसा त्यांनी हात सोडवून घेतला.

"मी जरा बाहीर थांबतो. तू बघ."

"मामा, हे दौंड नाही."

"ठाऊक हाय. आरडा झाला की येतो."

गर्दीतून वाट काढत ते जिन्याकडे निघाले. त्यांना तसं सोडणं शक्यच नव्हतं. मी मागोमाग गेलो. त्यांना गाठलं तोवर आम्ही दोघेही फिरत्या फाटकाच्या पलीकडे आलो होतो. आत परत येता येत नाही, हे तिथल्या नेपाळी रखवालदाराने हिंदीत दोनदा सांगितलं.

मामांनी भिंतीकडे पाठ केली आणि कान लावला. आतून प्रचंड आरोळी उठली. मामांचा चेहरा उजळला. लगेच दुसरी आरोळी, तेवढीच मोठी. मग तिसरी. मामा गोंधळून माझ्याकडे वळले.

"ह्यो आपला का त्यांचा?"

मला काय कळणार? गोल झाला तरी कुणीतरी ओरडत होतं, हुकला तरी कुणीतरी ओरडत होतं. दौंडात एकच बाजू ओरडते, हे एवढ्या वर्षांत आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामा फाटकापर्यंत जात, परत येत. "भैया, एक मिनट. सिर्फ देखके आता हूँ." रखवालदार मान हलवायचा. मी मामांच्या छातीकडे बघत होतो, ती भात्यासारखी चालली होती. फोन काढून निकाल बघावा असं मला सुचलंच नाही. शेवटी भिंतीपलीकडे असा काही कल्लोळ उठला की जमीन थरथरली, आणि तो थांबेचना. रखवालदाराने आपला फोन मामांसमोर धरला. "चाचा, अर्जेंटिना."

मामांनी त्याला मिठी मारली. मग आमच्या डोक्यावर आतषबाजी सुरू झाली. भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर, कप उचलला जात होता. मामा मान वर करून धुराकडे बघत राहिले. खोल श्वास घेऊन म्हणाले, "वास तर आला, मास्तर."

दौंडला परतल्यावर त्यांनी हे लपवलं नाही. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे स्वतःच सांगत सुटले. "मामा, येवढं ऐकायला इमानात बसून कशाला गेला? दौंडात ऐकू आलं असतं की!" लोक खिदळायचे, मामाही हसायचे. पण कुणी मोबाइलवर ती पेनल्टी दाखवायला गेलं की ते पाठ फिरवून चालू लागत. "जिकलं न्हवं? मग आता बघून जिवाला घोर कशाला लावू?"

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. सकाळी झाडांना पाणी घालत होते, तिथेच. सगळे विधी आटोपून सागर दोह्याला परतला, त्यानंतर एका दुपारी मामी मला म्हणाल्या, "ती फायनल लाव." त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एक सामना पाहिला नव्हता. मी टीव्हीवर लावली. मामी चेंडूकडे बघतच नव्हत्या. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की पुढे झुकून विचारायच्या, "ह्यात कुठं हायत ते?" मी आमची बाजू बोटाने दाखवायचो. नुसते निळे-पांढरे ठिपके. "असतील, असतील," म्हणत त्या तेवढ्यावर समाधान मानायच्या. गोल फिटले, जादा वेळ झाला, पंचाने शिट्टी वाजवली. खेळाडू मैदानाच्या मध्यावर जमू लागले.

"आता?" मामींनी विचारलं.

"आता पेनल्टी. आता ते बाहेर गेले."

मामींनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"ते होते तिथवर बघितलं. बास."