मालिकेतला डॉक्टर आणि रस्त्यावरचा माणूस

देवनहळ्ळीच्या रस्त्यावरचा तो अपघात इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा बेळगावकडचा, कर्नाटक पोलिसांत भरती झालेला, आणि त्या वेळी बेंगळुरूच्या उत्तरेकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. तेव्हा त्या बाजूला विमानतळ नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे, मध्येच एखादं फार्महाऊस, आणि दुपारी एखाददुसरी बस.

अशाच एका दुपारी वर्दी आली की मोटारीनं सायकलवाल्याला उडवलं आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा सायकलवाला रस्त्याकडेला पडला होता. द्राक्षं विकणारा, चाळिशीचा माणूस. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता, पण शुद्धीवर होता. मोटार पुढे जाऊन चिंचेच्या झाडाला धडकली होती आणि चालक स्टिअरिंगवर डोकं ठेवून चक्क झोपला होता. त्याला हलवून उठवलं तेव्हा जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारा तो नट होता.

त्या वेळी एक कानडी गुन्हेगारी मालिका फार गाजत होती. त्यात हा नट खेड्यातल्या एका सज्जन डॉक्टरचं काम करायचा. भावाला वाचवण्यासाठी डॉक्टर एक खोटा दाखला देतो, तो लपवण्यासाठी दुसरा, आणि असं करत करत शेवटी एका रोग्याच्या जिवावर उठतो, अशी ती कथा. आमच्या ठाण्यातले शिपाई मालिकेच्या दिवशी ड्यूटी बदलून घेण्याची खटपट करत. चित्रीकरण जवळच्याच फार्महाऊसवर चालू होतं आणि नट तिथूनच घरी निघाला होता.

प्यायलेला आहे, असं जो तो म्हणत होता. मी जखमीला इस्पितळात रवाना केलं, पंचनामा केला, नटाला वैद्यकीय तपासणीला नेलं, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडला आणि बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवला. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. जड जिभेनं तो एवढंच सांगत होता की आपण थेंबभरही घेतलेली नाही. त्या दिवशीच्या प्रसंगात डॉक्टर दारू पितो असं होतं, पण पेल्यात होता तो बिनदुधाचा गार चहा. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. जामिनावर सुटला तरी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा ठरवून टाकलं. इस्पितळात द्राक्षवाल्याचा पाय कापावा लागला.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. रक्तात मद्याचा अंश नव्हता. झोपेच्या औषधाचा होता, आणि तोही भरपूर. आपण असलं औषध कधी घेत नाही, असं नटानं सांगितलं आणि त्याच्या डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे कुणीतरी दिलं होतं. प्रकरणाचं तोंडच फिरलं.

मी फार्महाऊसवर जाऊन एकेकाचे जबाब घेतले. तो नेहमीच पिऊन येतो, असं बहुतेकांनी सांगितलं. मी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? पाहिलं कुणीच नव्हतं. कुणाकडून ऐकलं? अफवेचं बरं असतं, ती ज्या वाटेनं आली त्या वाटेनं मागे नेता येते. मेकअपवाल्यानं कॅमेरावाल्याकडून ऐकलं होतं, कॅमेरावाल्यानं निर्मात्याकडून. आणि निर्मात्याच्या कानावर घातलं होतं मालिकेच्या लेखकानं.

हे लेखक मराठी होते. तीन-चार पिढ्या बेंगळुरूत काढलेलं घराणं, घरात मराठी, बाहेर कानडी, लेखन कानडीत. सरकारी कारखान्यात इंजिनीअर, वय पन्नाशीच्या आत, बोलणं मऊ. त्यांच्यावर संशय घ्यावा असं काही दिसत नव्हतं. पण इस्पितळात बंदोबस्ताला असलेल्या माझ्या हेड कॉन्स्टेबलनं एक गोष्ट सहज सांगितली. मालिकेवाल्यांपैकी जखमीला भेटायला दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. लेखक मात्र रोज डबा घेऊन येत, खाटेपाशी काही न बोलता बसत आणि निघून जात. ज्याचा संबंध नाही असा भला माणूस एकदा येतो, फार तर दोनदा. रोज येणाऱ्याला घरी स्वस्थ बसवत नसतं, हा माझा अनुभव.

मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं. ते वेळेवर आले, सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. नट पितो हे कुणाकडून कळलं, या प्रश्नावर मात्र, सेटवर सगळेच बोलत होते, असं म्हणाले. मी ताणलं नाही. घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी एकट्याच ठाण्यात आल्या. हजेरी चालू होती, त्या बाकावर बसून राहिल्या. माझ्यापुढे आल्यावर कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प बोलायचं होतं, थोडंसंच."

मी त्यांना बसवलं. यजमानांना झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. भरलेलं पाकीट अपघाताच्या सुमारास रिकामं झालं, आणि यजमान तर रात्रभर घरात फेऱ्या मारत असतात. विचारलं तर म्हणाले, गोळ्या मोरीत पडल्या.

"खोटं बोलताना त्यांना माझ्याकडे बघवत नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी माझ्या डोळ्यांत बघून बोलले. तेव्हा मला भीती वाटली."

मी त्यांचं नाव कुठे येऊ देणार नाही असं म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मीच आले होते हे त्यांना सांगा. आता घरात आणखी लपवालपवी नको."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, त्यामुळे मी आधी औषधाच्या दुकानातली नोंद तपासली, डॉक्टरांचा जबाब घेतला. प्रसंगासाठी चहाचा पेला भरून ठेवला होता तेव्हा लेखक त्या खोलीत एकटेच होते, हे सेटवरच्या दोघांच्या जबाबांतून पक्कं झालं. मग त्यांना पुन्हा बोलावलं आणि पत्नी येऊन गेल्याचं सांगितलं.  त्यांनी नकार दिला नाही, बोलू लागले, पण बोलले ते नटाबद्दल.

त्यांच्या मनातला डॉक्टर डोळे उघडे ठेवून बिघडणारा होता. प्रत्येक वेळी त्याच्यापुढे दुसरी वाट असते, ती त्याला दिसते आणि तो ती सोडतो. नटाला हे नको होतं. बायाबापड्या त्याच्या पाया पडत. त्याला हवं होतं की डॉक्टरला इतरांनी फसवावं, भाग पाडावं, म्हणजे लोकांची सहानुभूती टिकेल. निर्माता नटाच्या बाजूनं गेला. लेखकाची पानं सेटवर बदलली जाऊ लागली. वीस वर्षं लिहून पहिल्यांदा काही मनासारखं जमलं होतं आणि तेही हातातून काढून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "साहेब, त्यांनी मला दुसरा मार्गच ठेवला नाही."

मी मालिका पाहिलेली होती. मी विचारलं, "हे वाक्य तुम्ही तुमच्या डॉक्टरच्या तोंडी घातलं असतं?"

 बाहेर वायरलेसची खरखर चालू होती. मग ते हळूच म्हणाले, "नाही. खोडलं असतं."

त्यानंतर त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुरुवात अगदी किरकोळ होती. बदललेली पानं एके दिवशी त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकली. चित्रीकरण अडलं, ठपका एका साहाय्यकावर आला आणि त्याची नोकरी गेली. लेखक तिथेच उभे होते. बोलले नाहीत. एवढं पचल्यावर नट पितो ही पुडी सोडणं जड गेलं नाही. आणि पुडी सोडल्यावर ती खरी ठरावी असं वाटू लागलं. मोठ्या प्रसंगात, निर्मात्यासमोर, नटाची जीभ अडखळावी, तोल जावा, एवढाच हेतू होता. म्हणून गोळ्या कुटून चहात घातल्या. पण ढग आले, उजेड गेला, आणि चित्रीकरण मध्येच थांबवलं. नट किल्ली घेऊन मोटारीकडे निघाला.

"तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"पायरीवर. माझ्या समोरून गेला. जांभया देत होता." मग म्हणाले, "थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

माझ्या दृष्टीनं खरा गुन्हा त्या पायरीवर घडला. गोळ्या घालताना त्यांच्या डोक्यात राग होता, पायरीवर रागही नव्हता. फक्त उघडं पडण्याची भीती होती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी एक माणूस रस्त्यावर सोडला.

त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढे स्वेच्छेनं जबाब दिला. गुंगीचं औषध दिल्याचा गुन्हा शाबित होऊन शिक्षा झाली. नटावरचा खटला मागे घेतला गेला. मालिका चालू राहिली, दुसऱ्या कुणीतरी लिहिली. शेवटी डॉक्टरला मित्रांनी फसवलं होतं असं निघालं. लोकांना ते आवडलं.

द्राक्षवाल्याला सगळं कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, म्हणून लेखकाचा जबाब झाल्यावर लगेच मीच इस्पितळात गेलो होतो. भांडण काय होतं, कुणाचं होतं, गोळ्या कशासाठी, हे त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग कानडीत म्हणाला, "सरी, ठीक आहे. त्या दोघांचं भांडण डॉक्टर कसा दाखवायचा याचं होतं. माझ्या घरी तर टीव्हीच नाही." रोज येणारा डबा कुणाचा, हेही त्याला तेव्हाच समजलं. डबा त्यानंतरही येत होता, लेखकाच्या पत्नी आणत. तो घ्यायचा की नाही यावर द्राक्षवाला आणि त्याची बायको यांच्यात वाद झाला, असं हेड कॉन्स्टेबल सांगत होता. शेवटी बायकोनं घेतला.

त्याआधी मी प्रत्येक आरोपीला, हे का केलंस, असं विचारत असे. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं आणि ते देणाऱ्याला खरंही वाटत असतं. कुणी जुलूम केला, कुणी फसवलं, कुणी मार्ग ठेवला नाही. या प्रकरणानंतर मी प्रश्न बदलला. निवृत्त होईपर्यंत मी एवढंच विचारत राहिलो की याच्या आधी काय केलं होतंस, आणि त्याच्याही आधी? सराईत असो की साधा माणूस, मागे जात जात एका ठिकाणी तो थांबतो. तिथे बहुधा गुन्हा म्हणावं असं काही नसतं. चूक नसताना कुणावर तरी ठपका आला आणि आपण गप्प राहिलो, एवढंच असतं. ते सांगताना माणसाची मान खाली जाते. खुनाची कबुली देताना ती तशी गेलेली मी फार कमी वेळा पाहिली.