शेजारच्या स्क्रीनमधली आई जिवंत होती

मागच्या रविवारी भरदुपारी मल्टिप्लेक्समध्ये माझे वडील हरवले... पंधरा-वीस मिनिटंच, पण त्या वेळात माझं काय झालं ते माझं मला माहीत.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. धुळ्याकडून तरुणपणी सुरतला आले आणि उधन्याच्या लूम कारखान्यात तीस वर्षं काढली. खटखटाटात राहून आवाज एवढा मोठा झाला की घरात साधं पाणी मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं.

अडीच महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण गोष्टींचा क्रम बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, काका, सकाळपासून काय काय केलं? नाना म्हणाले, जेवलो, मग उठलो, मग दात घासले... आणि स्वतःच गप्प झाले. चुकलंय हे त्यांना कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, सुधारेल बहुतेक. नाहीही सुधारणार. लक्ष ठेवा.

मध्यंतरी एका सकाळी ते सरळ कारखान्याकडे निघाले होते. काम सोडून चार वर्षं झालीत. शेजारच्या बेननी कोपऱ्यावर पाहिलं म्हणून परत आले. तेव्हापासून आम्ही त्यांना एकटं सोडत नाही.

त्या रविवारी मिस्टरांची हजीऱ्याला शिफ्ट होती. माझ्या दहा वर्षांच्या लेकीला, स्वराला, सुपरहिरोचा नवा पिच्चर दाखवायचं कबूल केलेलं. नानांना घरी कुणाजवळ ठेवणार? मग तिघंही गेलो.

पिच्चर नेहमीच्याच वळणाचा. साधा, भित्रा मुलगा, विधवा आई, छोटं घर. मग अपघाताने शक्ती मिळते, मग थोडी मजा, मग गर्व. आणि इंटरव्हलच्या तोंडावर शत्रू घर पेटवतो, आई जाते, हिरोची शक्तीही जाते. स्वराने मला आधीच सांगून ठेवलं होतं, की इंटरव्हलला हिरो हरतोच, तू रडू नकोस.

नाना एकटक बघत होते. त्यांना काय कळतंय, किती कळतंय, मला अंदाज येत नव्हता... विचारायची हिंमतही नव्हती. चुकीचं उत्तर आलं तर?

इंटरव्हलला ते बाथरूमला गेले. मी आणि स्वरा बाहेर दारासमोरच उभ्या होतो. तेवढ्यात स्वराच्या हातून कोल्ड्रिंक सांडलं, मी तिचा ड्रेस पुसायला खाली वाकले. अर्धं मिनिट असेल.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एका माणसाला आत बघायला सांगितलं... आत कुणीच नव्हतं.

आमचा पिच्चर सुरू झाल्याचा आवाज बाहेर येत होता. मी आमच्या सीटवर जाऊन पाहिलं, रिकाम्या. एस्केलेटरपाशी धावले. खाली रस्ता, रविवारची गर्दी, नानांकडे फोन नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, "बेन, चिंता नही करो, मळी जशे." सापडतील म्हणे. मला मात्र डोळ्यांसमोर फक्त रस्ता दिसत होता. स्वरा माझी ओढणी धरून चालत होती.

वॉकीटॉकीवरून खालच्या गेटला कळवणं चालू होतं, तेवढ्यात शेजारच्या स्क्रीनचं दार उघडलं आणि नाना बाहेर आले. शांत. शर्ट नीट खोचलेला.

मी त्यांचा हात धरला. तेच आधी बोलले, त्यांच्या त्याच मोठ्या आवाजात, अहिराणीत, "दुसरी खोलीमा जाई बठनू मी."

मग कपाळाला आठ्या घालून, एकेक शब्द शोधत, "पिच्चर तं आपलाच व्हता. पन मांगेना, पहिलेना. तठे त्यानी माय जित्ती व्हती, रोट्या करी राहिनी व्हती. आपली तं आगमा गयी ना... मंग माले समजनं, आपलं पुढे निंघी गयं. म्हनीसन उठनू."

मला समजायला क्षणभर लागला. शेजारी तोच पिच्चर चालू होता, उशिरा सुरू झालेला शो. आणि स्वतःची सकाळ ओळीने सांगता न येणाऱ्या माझ्या वडिलांनी अंधारात बसून ताडलं होतं, की ही आई जिवंत आहे म्हणजे हे आधीचं... आपली जागा याच्या पुढे आहे.

सिक्युरिटीवाला हसला. मी तिथेच भिंतीला टेकले. अडीच महिने छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उतरलं.

"चला, आते तो उठी," नाना म्हणाले.

"कोण?" स्वराने विचारलं.

"तुना हिरो. तो काय असाच पडी राही का?"

दुसऱ्या भागात हिरोने काय केलं मला विचारू नका. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

सगळं ठीक झालं असं नाही. ते अजून मला कधीकधी आत्याच्या नावाने हाक मारतात. औषधं चालू आहेत, एकटं सोडायचं नाही हेही चालूच आहे.

पण काल तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, काका, मला सांगा की तो पिच्चर. नानांनी सांगितला... घर, आई, शक्ती, गर्व, आग, पडणं, उठणं. अडखळत, पण ओळीने. मध्ये दोनदा थांबले, तेव्हा मी तोंड उघडणार होते. डॉक्टरांनी हाताने खूण करून मला गप्प बसवलं.

चांगली वीस मिनिटं लागली. बाहेर पेशंट खोळंबले होते, एक आजी तर दार ढकलून आत डोकावून गेल्या. त्या आजींचे आणि कुरकुर न करता बसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. आत काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं... तरी थांबले.