आबामास्तरांचे हात

आबामास्तर बोलताना हात मागे बांधत. वर्गात, रस्त्यात, देवळात, बाजारात वांगी घेतानासुद्धा दोन्ही हात पाठीवर एकमेकांत अडकवलेले, आणि तोंड मात्र असं चालायचं, की एकेक अक्षर ओठांवरून उतरताना दिसावं. "ता-जी आ-हे-त का?" असं त्यांनी विचारलं की भाजीवाली पदराआड हसायची. मास्तर आपल्याला बहिरी समजतात असं तिला वाटे. खरं म्हणजे ते सगळ्या जगालाच बहिरं समजत, आणि त्यात त्यांची फारशी चूकही होत नसे.

मी चिपळूणहून बदली होऊन रत्नागिरीच्या शाळेत आलो, ती मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागेची गोष्ट. पहिल्याच दिवशी हे गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मिशा कापा. ओठ दिसत नाहीत." ओळख ना पाळख! मी काही मिशा कापल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओठ दिसतील इतक्या कातरून आलो. त्या दिवसापासून आमचा स्नेह जमला तो शेवटपर्यंत.

शाळा सुटली की त्यांच्या घराच्या पडवीत दुसरी शाळा भरे. तिथे गावातली चार-पाच मुकीबहिरी मुलं येत. मास्तरांची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी होती. मागल्या दाराच्या पलीकडचं जग तिनं कधी पाहिलं नाही आणि विशीच्या आतच ती गेली. तिच्यामागून मास्तर पदरमोड करून मुंबईला गेले, बहिऱ्यांना बोलायला शिकवण्याची पद्धत शिकून आले. मुलाच्या ओठांसमोर कागदाचा कपटा धरायचा. 'प' म्हटलं की कपटा हलला पाहिजे. हात मास्तरांच्या गळ्याला लावून 'ग' कुठे घुमतो ते चाचपायचं. तेवढ्यापुरता हात चाले. एरवी पडवीत पाऊल टाकताच पहिला नियम 'हात मागे'. खाणाखुणा बंद. हात बोलू लागला की जीभ आळसावते, असं त्यांना मुंबईत शिकवलं होतं आणि त्यावर त्यांची श्रद्धा होती. स्वतःचे हात ते मागे बांधत ते यासाठीच. मुलांना एक सांगायचं आणि आपण दुसरं करायचं, हे त्यांच्यात बसत नव्हतं.

"शाळा सुटते हो, पोट सुटत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यामुळे मूल मोठं झालं की त्याला कामाला लावून देणं हेही ते आपलंच काम मानत. नुसता शब्द टाकून थांबत नसत. पहिले काही दिवस मुलाबरोबर स्वतः कामावर जाऊन बसत. शाळेतल्या पायानं अधू शंकरला त्यांनी बाजारातल्या शिंप्याकडे हातानं फिरवायच्या मशीनवर बसवला आणि आपण शेजारी ठाण मांडलं. शेवटी शिंपी काकुळतीला येऊन म्हणाला, "मास्तर, तुमचा कोट फुकट शिवतो, पण घरी जा." शंकर तिथे टिकला, पुढे त्यानं स्वतःचं दुकान काढलं. मास्तर त्याच्या दुकानावरून मुद्दाम वाट वाकडी करून जात.

अशा मुलांत दामू त्यांच्या फार जिव्हाळ्याचा. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भागीचा तो एकुलता एक. भागी बंदरावरून मासळीची पाटी घेऊन गावभर फिरे. नवरा कॉलऱ्यात गेलेला. भागीचा भाऊ रघू तांडेल, मासेमारीचा स्वतःचा मचवा चालवणारा. पोर हाताशी आलं की मचव्यावर घेईन, असा त्यानं बहिणीला शब्द दिला होता. दामूला पडवीत आणला तेव्हा तो काही मुका नव्हताच म्हणायचा. मायलेकांची सगळी भाषा हातांत होती. बोटं नाचवून भागी त्याला भरती-ओहोटी सांगे, बांगडा की सुरमई ते सांगे, शेजारणीची चहाडीसुद्धा सांगे, आणि दोघं खदखदून हसत. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिला समोर बसवलं. "अगो भागी, घरी हे हात बंद. तोंडानं बोल त्याच्याशी. जगाला आपली बोली शिकवता येत नाही, आपण जगाची शिकायची. हात थांबव, म्हणजे त्याचं तोंड उघडेल."

मास्तरांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. भागी घरी आली की दोन्ही हात पदरात गुंडाळून बसू लागली. पोर समोर उभं राहून बोटांनी काहीबाही विचारी, रडे, तिचा पदर ओढी. ती तोंडानं बोलत राही आणि हात बाहेर काढत नसे. हे तिनं वर्षानुवर्षं केलं.

आणि तोंड उघडलं. दामूनं घशातून ओढून काढल्यासारखं 'आई' म्हटलं, तेव्हा भागी पडवीच्या पायरीवर बसली होती. तिचे हात त्याच्या गालांकडे गेले, वाटेतच थबकले आणि पुन्हा पदराखाली शिरले. मास्तरांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि तेव्हा मला ते कौतुकाचंच वाटलं.

दामू सतरा-अठराचा झाला. ओठ पाहून तो बहुतेक सगळं समजे, थोडं बोलेही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर रघूनं त्याला मचव्यावर घेतला. मास्तर आपल्या रिवाजाप्रमाणे बरोबर गेले. जन्मात कधी होडीत न बसलेला हा ब्राह्मण कोट घालून मचव्याच्या तळाशी बसला, याची गावात बरीच थट्टा झाली. आम्हीही केली.

भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. रघू सुकाणूवर होता, दामूच्या हातात शिडाची दोरी. रघूनं हात वर करून दोरी सोडायची खूण केली. वाऱ्यात बोलून उपयोग नसतो, मचव्यावरचे सगळे तांडेलाच्या हाताकडे बघतात. दामू मात्र, शिकवल्याप्रमाणे, मामाच्या तोंडाकडे बघत राहिला. तोंडात तंबाखूचा बार होता, ओठ मिटलेले. रघू पुन्हा पुन्हा हात हलवत होता आणि पोर त्याच्या ओठांवर नजर लावून हुकमाची वाट पाहत होतं. मचवा कलला, पाणी आत आलं. दुसऱ्या एका खलाशानं दोरीवर कोयता मारला म्हणून सगळे वाचले.

मास्तर संध्याकाळी माझ्याकडे आले ते ओल्या कपड्यांनीच. दारातल्या पायरीवरच बसले. मग म्हणाले, "मी काय केलं ठाऊक आहे? तो माझ्याकडे पाठ करून उभा होता. मी 'सोड, सोड' म्हणून ओरडलो. बहिऱ्या मुलाला ओरडून सांगत होतो."

रघू भला माणूस. रागावला नाही. पण त्यानं दामूला उतरवला. "मास्तरानू, तुमी त्याला चांगलाच शिकवलात," तो म्हणाला. "पन दर्यावर तोंडाचा उपेग नाय. आमी सगळी हातानंच बोलतंव. लहानपनी हा पोर माज्यापेक्षा बरा बोलायचा."

दुसऱ्या दिवशी मास्तर भागीकडे गेले, मला बरोबर घेऊन. घरात जाऊन बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "भागी, चुकलो मी. तुझे ते हात त्याला परत शिकव. मलाही शिकव. रघूला मी पुन्हा सांगतो."

भागीनं पदरातून हात बाहेर काढले. समोर धरले, उलटसुलट करून पाहिले. एक-दोन बोटं हलवली, आणि थांबली.

"इसारलंय मी, मास्तरानू," ती म्हणाली. "तुमी सांगितलात, थांबव. थांबवलंय. आता ते येत नाय."

दामू दारात उभा राहून तिच्या ओठांकडे बघत होता.

रघूनं पुन्हा घेतला नाही. त्याला तरी बोल कसा लावावा. मचव्यावर इतरांचेही जीव असतात. दामू बंदरावर हमाली करू लागला. आंब्याच्या पेट्या डोक्यावरून मचव्यात चढवायच्या आणि मचवा सुटायच्या आत खाली उतरायचं. त्याचा घशातला आवाज ऐकून हमाल हसत, तसं हळूहळू त्यानं बोलणंही टाकलं. म्हणजे आईची भाषा गेली आणि मास्तरांनी दिलेलीही राहिली नाही. मला अजून याची चीड येते, आणि ती कोणावर काढावी ते आजतागायत कळलेलं नाही. वाईट तर कोणीच वागलं नव्हतं.

पडवीतला नियम मास्तरांनी मोडला. मुलांना म्हणाले, हात पुढे घ्या, तुमचं तुम्ही बोला, मी शिकतो. मुलं भराभर हात नाचवू लागली आणि मास्तर त्यांच्यामध्ये आपले हात पुढे घेऊन अवघडल्यासारखे बसत. जन्मभर पाठीवर राहिलेल्या हातांना वळण लागेना. थोड्या वेळानं ते नकळत पुन्हा मागे जात, मग दचकून पुढे येत. बंदराच्या रस्त्याला मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. शंकरच्या दुकानावरूनही जायचे थांबले.

पुढच्याच पावसाळ्यात विषमज्वरानं ते गेले. शेवटच्या दिवसांत मी जवळ होतो. "पोट सुटत नाही हो," एवढंच तापात बडबडत.

दामूला सांगायला मी बंदरावर गेलो. पावसामुळे मचवे ओढून ठेवलेले, तो एका मचव्याच्या आडोशाला बसला होता. मी समोर उभा राहिलो. माझ्या मिशा पुन्हा वाढल्या होत्या. ओठ त्याला दिसेनात. मी परत परत "मास्तर, मास्तर" म्हणत होतो आणि तो गोंधळून बघत होता.

मग तो उठला. दोन्ही हात त्यानं मागे नेले, पाठीवर एकमेकांत अडकवले, मान किंचित पुढे काढली आणि डोळ्यांनी मला विचारलं. आबामास्तर? पडवीतल्या मुलांनी मास्तरांची पाठ फिरल्यावर त्यांच्यासाठी केलेली ती खूण होती.

मी मान हलवली, आणि हात आकाशाकडे केला.

त्याला कळलं. पाऊस येत होता, तरी तो तसाच उभा राहिला. मागे बांधलेले हात त्यानं सोडले नाहीत.